गॅस बंद केला ना?

चपला घालून झालेल्या असतात, कुलूप लागलेलं असतं, ते ओढूनही पाहिलेलं असतं, आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर कोणीतरी विचारतं, 'गॅस बंद केला ना?' एकदा हा प्रश्न निघाला की कोणाला तरी परत वर जावंच लागतं. आमच्या पिढीतलं गोरेगावचं एखादं कुटुंब हा प्रवेश केल्याशिवाय लग्नाला, गावाला, अगदी टोपीवाला मार्केटपर्यंतही गेलं असेल असं वाटत नाही. बर्शेनच्या सिलेंडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसल्यावर ती वस्तू घरात आलेली. तिच्याबद्दल अभिमान जेवढा, तेवढीच धास्ती. रेग्युलेटर फिरवायचा, शेगडीची दोन्ही बटणं चाचपायची, मग नाक पुढे करून वास घ्यायचा. नवतालचं कुलूप लावल्यावर त्याला जवळजवळ लोंबकळून बघायचं. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं की फटीत बोटं घालून ते खाली पडल्याची खात्री करायची. आणि रात्री निजताना नळ मुद्दाम उघडा ठेवून खाली रिकामी बादली लावायची, म्हणजे पहाटे पाणी आलं की तिच्या आवाजानेच जाग यावी. बादली नळाच्या बरोबर खाली आहे ना, हे पाहायला घरातलं कोणीतरी दोनदा उठायचंच.

आता गॅस पाइपमधून येतो आणि दार मागच्या मागे आपणच लागतं. पत्र पोचलं की दोन खुणा उमटतात आणि वाचलं की त्या निळ्या होतात. पाणी टाकीत चोवीस तास. खात्री करून घ्यायची बहुतेक कामं यंत्रांनी अंगावर घेतली, तेव्हा माणसं निर्धास्त व्हायला हवी होती. पण त्या दोन खुणा निळ्या झाल्या का, हे आमची मुलं लोकलमध्ये मालाड ते अंधेरी इतक्या वेळा बघतात, की त्या पत्राच्या पेटीत बोटं घालणारे आमचे वडील फारच शांत स्वभावाचे होते असं म्हणावं लागेल.

हे झालं आपल्यासारख्यांचं. वर जाऊन गॅस पाहिला की आपलं भागतं. काहींचं भागत नाही.

अशी माणसं तेव्हा प्रत्येक वाडीत असायची. जवाहर नगरात असोत, पांडुरंगवाडीत असोत की मोतीलाल नगरच्या हाउसिंग बोर्डाच्या बैठ्या घरांत. मांडणी थोड्याफार फरकाने तीच. एक बाई सतत हात धुणारी. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, नळाची चावी कोपराने फिरवायची आणि मग कोपर धुवायचं. एक गृहस्थ सकाळची आठ-बाराची लोकल गाठायला सातलाच निघायचे, कारण कुलूप पाहायला चौकापर्यंत जाऊन किती वेळा परत यावं लागेल याचा त्यांनाच भरवसा नसे. आणि एका घरात माळ्यापासून मोरीपर्यंत रद्दी, सुतळीचे तुकडे, आरेच्या दुधाच्या बाटल्यांची चंदेरी बुचं, डालड्याचे रिकामे डबे. पहिलीला मंत्रचळ लागलाय म्हणायचं, दुसऱ्याला संशयी, तिसऱ्याला कंजूष. तिघांचा आजार एकाच घराण्यातला असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नसतं. तिसऱ्याचं तर कौतुकच व्हायचं; टंचाईच्या काळात काहीही न टाकणारा माणूस हा आदर्श गृहस्थ होता.

आता त्या तिघांच्या डोक्यात काय चालत असेल याची छायाचित्रं निघाली आहेत. २००४ साली डेव्हिड मातैश-कोल्स आणि सहकाऱ्यांनी ओसीडीच्या, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराच्या, रुग्णांना एमआरआयच्या नळकांड्यात झोपवून त्यांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली: घाणीची, तपासायच्या वस्तूंची, टाकून द्यायच्या सामानाची. धुण्याची, तपासण्याची आणि साठवण्याची अस्वस्थता मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत उठलेली दिसली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचाराच्या वर्गीकरणात साठवण्याच्या विकाराला ओसीडीतून काढून स्वतंत्र खोलीही मिळाली. म्हणजे आमच्या वाडीने त्या तिघांना वेगवेगळी नावं ठेवली होती, ती अगदीच काही चुकीची नव्हती. अर्थात वाडीने नावं ठेवली एवढंच केलं; पुढे काही केलं नाही.

हात धुणाऱ्या बाईकडे तर कोणाचं लक्षही जायचं नाही, कारण घरात सोवळं होतं. स्वयंपाक सोवळ्यात, देवपूजा सोवळ्यात, वाळत घातलेलं लुगडं काठीनेच काढायचं, शिवलं तर पुन्हा आंघोळ. या सगळ्या कडेकोट व्यवस्थेत एखादीचा आजार असा बेमालूम मिसळून जाई की तिचं वेगळं काही चाललंय हे कळायला वीस वर्षं लागत. उलट 'माईंचं सोवळं फार कडक' असं अदबीने म्हणत. बंगालात या वेडासाठी शुचिबाई हा शब्द होताच. कलकत्त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ अजिता चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली या शुचिबाई प्रकाराचा अभ्यास करून विधी कुठे संपतो आणि विकार कुठे सुरू होतो याची चर्चा केली. आमच्याकडे तो प्रश्न कोणी विचारला नाही. कसा विचारणार? तो विचारला असता तर पुढचा प्रश्न आला असता: मोलकरणीने घासलेली भांडी पुन्हा पाणी ओतून का घ्यायची, तिचा चहाचा कप खिडकीत वेगळा का, महिन्याचे चार दिवस घरातलीच बाई कोपऱ्यात का. एका बाईच्या डोक्यातली भीती आजार ठरते, आणि सगळ्या आळीने मिळून पाळलेली भीती धर्म ठरतो. सोवळ्याच्या आठवणीने ज्यांना गहिवरून येतं, त्यांनी त्या खिडकीतल्या कपाचीही आठवण काढावी. साजूक तुपाच्या वासाबरोबर तोही येतो.

सोवळं आता गेलं. म्हणजे गेलं होतं. २०२० साली ते सॅनिटायझरच्या बाटलीत बसून परत आलं, तेव्हा दूधवाल्याची पिशवी साबणाने धुणारे आणि भाजी मिठाच्या पाण्यात बुडवणारे आपण सगळेच. त्या दिवसांत ओसीडीच्या काही रुग्णांना म्हणे पहिल्यांदाच वाटलं की जग शहाणं झालं.

डॉक्टर हा शेवटचा उपाय होता, आणि डोक्याचा डॉक्टर त्याच्याही पलीकडचा. ठाणा हे आम्हा मुंबईकरांच्या लेखी रेल्वे स्टेशन नव्हतंच. १९०१ पासून तिथे मनोरुग्णालय आहे, आणि 'तुला ठाण्याला पोचवू का?' हे वाक्य आमच्या कानांवर प्रेमाने आणि रागाने सारखंच पडलं. पुढे त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि माणसं आपल्या पायांनी, दिवसाढवळ्या तिकडे जाऊ लागली. हे आमच्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून त्याचं अप्रूप.

तेव्हा डोक्याच्या आत पाहायची सोय म्हणजे एक्स-रे. त्यात कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. आणि कवटी बघून त्या काळी कोणाला काही कळलं असेल तर एवढंच, की ती फुटलेली नाही. फार झालं तर डोक्याला तारा लावून कागदाची लांबलचक पट्टी काढत. पण त्या एक्स-रेचा थाट! केईएम किंवा नायरमधून तो भला मोठा खाकी लिफाफा लोकलमधून आणायचा, घडी पडू द्यायची नाही, उभं राहून छातीशी धरायचा. डब्यातली माणसं आपणहून सरकायची. घरी आल्यावर तो खिडकीच्या उजेडाला धरून आळीतल्या प्रत्येकाने पाहायचा आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी दिसायचं. शेजारच्या काकांना नेहमी जास्तच दिसायचं. आता स्कॅनची फिल्मही मिळेलच असं नाही. मोबाइलवर एक लिंक येते, पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, आणि महिन्याने ती लिंक उघडतही नाही. खिडकीला धरण्यासारखं काही उरलं नाही. अज्ञानाचा तो सामुदायिक समारंभ होता हे मान्य. पण आजाऱ्याभोवती सहा माणसं उभी असायची.

मेंदू जिवंत माणसाच्या डोक्यात असतानाच दिसायला लागला तो १९७१ पासून. लंडनमध्ये गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅनरखाली पहिला रुग्ण गेला. त्यात रचना दिसली, काम दिसलं नाही. काम दिसण्यासाठी पेट स्कॅन यावं लागलं: किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून द्यायची आणि मेंदूचा कोणता भाग ती जास्त खातोय ते पाहायचं. १९८७ साली लॉस एंजेलिसमध्ये लुइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी ओसीडीचे चौदा रुग्ण, नैराश्याचे चौदा आणि चौदा निरोगी माणसं अशी तुलना केली. ओसीडीवाल्यांच्या डोळ्यांच्या वरचा, कपाळामागचा भाग आणि आत खोलवर असलेला कॉडेट नावाचा भाग जादा साखर खाताना सापडले. चौदा माणसं म्हणजे आमच्या चाळीतल्या एका मजल्यावरचीही नव्हेत. पण त्या रंगीत चित्राने मोठी उलथापालथ केली. तोवर फ्रॉइडच्या काळापासून हा आजार म्हणजे दाबलेल्या इच्छा, बालपणीचं शिस्तीचं वळण, पर्यायाने आईची चूक. आता बोट दाखवायला आईऐवजी कॉडेट मिळाला.

त्यातून उभी राहिलेली मांडणी साधारण अशी. काहीतरी चुकलंय, धोका आहे, अशी सूचना कपाळामागून निघते, कॉडेटमध्ये जाते, तिथून थॅलॅमसमार्गे पुन्हा कपाळामागे येते. काम उरकलं की सूचना थांबायला हवी. ओसीडीत ती थांबत नाही. फेऱ्या मारत राहते. म्हणून कुलूप पाहणारे ते गृहस्थ जे बोलत ते शब्दशः खरं होतं: लागलंय हे मला माहीत आहे हो, पण लागल्यासारखं वाटत नाही. आम्ही पोरं ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत असू आणि हशा पिकवत असू.

याहून मोठी गंमत १९९२ ची. बॅक्स्टर यांनीच नऊ रुग्णांना फ्लुओक्सेटिन हे औषध दिलं आणि नऊ जणांना नुसती वर्तनचिकित्सा. ज्यांना बरं वाटलं त्यांच्या कॉडेटचा साखरेचा खप उतरला. गोळी घेणाऱ्यांचाही आणि न घेणाऱ्यांचाही. म्हणजे हात न धुता बसून राहण्याचा सराव डोक्याच्या आत पोचत होता. आमच्या वेळी दोन पक्ष होते. 'सगळं मनाचे खेळ आहेत' म्हणणारा आणि 'मेंदूत बिघाड आहे' म्हणणारा. ते एकमेकांशी गॅलरीत रात्री उशिरापर्यंत भांडत. हा निकाल कळला असता तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

या पेटच्या साखरेचं एक आहे: तिच्यातलं फ्लोरिन-१८ जेमतेम एकशे दहा मिनिटांत निम्मं होतं. पहाटे आरे कॉलनीतून निघालेलं दूध जसं तापायच्या आत केंद्रावर पोचायला लागे, तशीच हिची घाई. त्यामुळे साखर बनवणारं सायक्लोट्रॉन जवळ लागतं. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर २००२ साली परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. लॉस एंजेलिसच्या त्या चित्रानंतर पंधरा वर्षांनी. तिकडे मुख्यतः कॅन्सरचं काम. मंत्रचळ लागलेल्या बाईला तिथे कोणी नेलं नसतं, आणि न्यायची गरजही नव्हती.

कारण आता येतो तो सगळ्यात अवघड भाग. गोरेगाव स्टेशनच्या दोन्ही अंगांना आज एमआरआयची सोय आहे. पूर्वी टाउनला जावं लागे, आता रिक्षाने मीटर पडेपर्यंत पोचता. घरातल्या मुलीचे हात धुणं थांबत नाही म्हटल्यावर आईबाप आधी 'एकदा ब्रेन स्कॅन करून घेऊ' म्हणतात. मुलगी त्या ठणठणाटी नळकांड्यात निपचित पडते. रिपोर्ट येतो: सगळं नॉर्मल. तो यायचाच; इतर काही आजार नाही ना, एवढंच त्यातून कळतं. आणि मग जेवणाच्या टेबलावर तो रिपोर्ट तिच्यासमोर ठेवून सांगतात, 'बघ, मेंदूत काही नाही. आता नाटकं पुरेत.' पूर्वी चित्र नव्हतं म्हणून आजार मानत नव्हते. आता चित्र आहे म्हणून मानत नाहीत.

संशोधनातली चित्रं आणि सेंटरमधलं चित्र या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आईबापांना कोणीतरी बसवून सांगायला हवं. संशोधनातला रंगीत ठिपका ही अनेक डोक्यांची सरासरी असते. २०१७ साली एनिग्मा या जागतिक गटाने देशोदेशींहून १,८३० रुग्ण आणि १,७५९ निरोगी माणसं यांचे एमआरआय एकत्र मोजले. बंगळुरूच्या निम्हान्सचाही त्यात वाटा आहे. औषध न घेणाऱ्या मुलांचा थॅलॅमस सरासरीने किंचित मोठा. मोठ्यांमध्ये हिप्पोकॅम्पस किंचित लहान, पॅलिडम किंचित मोठा. 'किंचित' या शब्दावर सगळा भर. एकट्या माणसाचा स्कॅन पाहून त्याला ओसीडी आहे की नाही हे सांगता येत नाही. याच गटाने पुढे संगणकाला शिकवून तेही करून पाहिलं. रुग्ण कोण हे ओळखताना त्याची मजल नाणं उडवण्याच्या फारशी पुढे गेली नाही. औषध घेणारे रुग्ण मात्र त्याला जास्त चांगले ओळखता आले! म्हणजे आजारापेक्षा गोळीची खूण ठळक. निदान अजूनही तेच: समोर खुर्चीत बसवून विचारायचं, दिवसातले किती तास जातात, न धुता राहिलात तर काय होईल असं वाटतं. वाडीतल्या म्हातारीलाही हे प्रश्न विचारता आले असते. तिने विचारले नाहीत ही गोष्ट वेगळी. ती लिंबू उतरवून टाकत असे.

नेदरलँड्समध्ये मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याला एमआरआयसुद्धा लागला नाही, संगणकाच्या पडद्यावरची एक गॅसची शेगडी पुरली. हो, शेगडीच. धडधाकट विद्यार्थ्यांना तिची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी कोणती बटणं पाहिली होती हे त्यांना बरोबर सांगता येत होतं. पण आठवण फिकी पडली होती, तपशील पुसट झाले होते, आणि स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता. तपासल्याने शंका जात नाही, वाढते. हे वाचल्यापासून आमच्यासारख्या स्मरणरंजन करणाऱ्यांची थोडी गोची झाली आहे. आरेचं ते दूध, ती पहाट, ती बादली आपण इतक्या वेळा उघडून पाहिली आहे की बुचावरची रेघ निळी होती की लाल यावर आता भावाभावांत एकमत होत नाही. आणि तरी दर दिवाळीला विषय निघतोच.

पाण्याबद्दल मात्र एकमत आहे. पाणी नव्हतं. साठच्या दशकात गोरेगावात पाणी ही राजकारणाची, संसाराची आणि भांडणाची सुरुवात होती. १९६१ साली मृणाल गोरे महापालिकेत निवडून गेल्या त्या याच प्रश्नावर लढत, हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढत. पाणीवाली बाई हे नाव त्यांना कोणी समारंभात दिलेलं नव्हतं. आरे रोडवरच्या केशव गोरे स्मारकात त्यांची आठवण अजून वावरते. त्या पाण्यात हात धुण्याचा आजार म्हणजे काय असेल, विचार करा. पहाटेचा तासभर पाणी. त्यात सगळ्या घराचं भरायचं. आणि त्यातल्या दोन बादल्या एकटीच्या हातांना.

लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली अशाच एका बाईवर नवा उपचार केला. परिचारिका सतत सोबत ठेवल्या, साबणावर नियंत्रण आणलं आणि खोलीतले नळ बंद करून टाकले. घाणीची भीती समोर आणायची आणि धुवू द्यायचं नाही, भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. आजच्या वर्तनचिकित्सेचा पाया तो. आमच्याकडे नळ बंद करण्याचं काम महापालिका रोज सकाळी सातला विनामूल्य करत होती! पण आमची कोणी बरी झाली नाही. तिने पाणी चोरून साठवलं, सुनेच्या वाट्याचं वापरलं, कमी पडलं तर राखेने हात घासले. भीती ओसरेपर्यंत जवळ बसणारं माणूस लागतं, ते मायर यांच्या वॉर्डात होतं. वाडीत माणसं पुष्कळ होती, बसायला वेळ कोणालाच नव्हता.

आता टॉवर झाले आहेत. बैठ्या घरांच्या जागी लिफ्ट लागलेल्या इमारती उठल्या, उरलेल्यांच्या पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. टाकीत पाणी असल्याने सोळाव्या मजल्यावरचा मुलगा दोन तास आंघोळ करू शकतो आणि कोणाला कळत नाही. पूर्वी नळाचा आवाज आठ बिऱ्हाडांना ऐकू जायचा, आणि तिसऱ्या दिवशी आठही बिऱ्हाडं सल्ला द्यायला यायची. त्यांतला एकही सल्ला कामाचा नसे. पण ती बाई त्रासात आहे ही बातमी गुप्त राहत नसे. आता बातमी फुटत नाही, हे त्या मुलाच्या घरच्यांना फार मोठं सुख वाटतं. चार-सहा वर्षांनी त्याची नोकरी सुटते तेव्हा कळतं.

आणि ज्याची आम्हाला सगळ्यात जास्त हुरहूर वाटते, ती गोष्ट सांगायला थोडा संकोच होतो. त्या घरांमधून त्या बाईला सांभाळून घेत. शाळेतून आलेला नातू उंबऱ्याबाहेर हात वर करून उभा राही, मोरीत गेल्यावरच खाली आणी. तिने भांड्याला हात लावायला नको म्हणून शेजारीण वरून तांब्याने धार धरी. निजताना ती विचारी, 'कडी लावली ना गं?' आणि थोरली सून पाचव्यांदाही न चिडता म्हणे, 'लावली हो माई.' या 'लावली हो माई'मध्ये आमच्या सगळ्या बालपणाचा ओलावा साठला आहे असं आम्ही मानतो. येलच्या लिसा कॅल्व्होकोरेसी यांनी १९९५ साली घरच्यांच्या या सांभाळून घेण्याचाच अभ्यास केला, आणि पुढच्या अनेक अभ्यासांतही दिसत राहिलं की जिथे सांभाळणं जास्त तिथे आजार तीव्र. कशामुळे काय, हे सोडवणं सोपं नाही. आजार वाढला म्हणूनही घर वाकतं. पण उपचार करणारे आता घरच्यांना सुरुवातीलाच बजावतात: कडी लावली का, असं विचारलं तर उत्तर देऊ नका. प्रेमाने जवळ बसा, पण उत्तर देऊ नका. कारण ते 'लावली हो' म्हणजे आजाराला दिलेला रात्रीचा खुराक.

असेल. पटतंही. आजची सून फोनवर समुपदेशकाचा मेसेज वाचून ओठ घट्ट मिटून बसते, आणि सासूबाई तळमळतात, आणि अर्ध्या तासाने तळमळ कमी होते, आणि काही महिन्यांनी त्या खरोखर बऱ्या होतात. आमच्या माई कधी बऱ्या झाल्या नाहीत. तोलायला बसलं तर पारडं कुठे झुकतं हे उघड आहे. तरीही त्या थोरल्या सुनेला आता कोणी चूक म्हणावं हे सहन होत नाही. तिच्या हातात कॉडेट नव्हता, गोळी नव्हती. क्लोमिप्रामिन या औषधालासुद्धा अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली ती १९८९ मध्ये. त्याआधी बराच काळ हा विकार दुर्मिळ असाच तिथेही समज होता, मोठी पाहणी झाली तेव्हा शंभरात दोन-तीन निघाले. तिच्या हातात उत्तर देणं एवढंच होतं. ते तिने दिलं.

फारच हट्टी आजारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्यापर्यंत मजल गेली आहे. मुंबईत जसलोकचे परेश दोशी यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यासाठी रुग्णाची संमती आणि मंडळाची परवानगी दोन्ही लागतात. पूर्वी कोणाच्या संमतीचा प्रश्नच उठत नसे, ना उपचाराला ना उपचार न करण्याला.

अलीकडच्या संशोधनातला एक भाग वाचून मजा वाटली. न्यूयॉर्क, साओ पाउलो, अॅमस्टरडॅम, केप टाउन आणि आपलं बंगळुरू अशा पाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, औषध न घेणाऱ्या रुग्णांचे मेंदू पाहायचा मोठा अभ्यास आखला गेला. त्यात निरोगी माणसं आहेतच, शिवाय रुग्णांची आजारी नसलेली सख्खी भावंडंही आहेत. जो फरक बऱ्या असलेल्या भावंडातही दिसेल तो आजाराने किंवा औषधाने झालेला नाही, रक्तातून आलेला असावा, असा हिशेब. आमच्या वेळीही भावंडांना या आजारात काम असायचं. दोन हंडे जास्त भरायचे, बहिणीच्या हातांबद्दल कोणी विचारलं तर विषय बदलायचा, आणि स्वतःचं लग्न ठरेपर्यंत तिला पाहुण्यांसमोर येऊ द्यायचं नाही. आता भावाने एवढंच करायचं की त्या नळकांड्यात डोकं न हलवता पडून राहायचं. आमच्या पिढीतला कोणी त्यासाठी पुढे आलाच, तर जायच्या-यायच्या भाड्याचं काय, हे तो आधी विचारील. आणि उत्तर मिळाल्यावर निघता निघता पुन्हा एकदा विचारील.